दोन ‘तीन’ असलेली लिफ्ट

३ मार्च

प्रिय वहिनी,

फोन न करता लिहितेय आणि रात्रीच्या बसनं पाठवतेय, सकाळी मिळेल, कारण दादा फोन स्पीकरवर ठेवतो आणि दर वाक्याला “काय म्हणाली?” असं विचारतो. मग मला सगळं दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते मलाच खुळ्यासारखं वाटायला लागतं. आजचं तर पहिल्यांदा सांगतानाच वाटणार आहे.

आधी शहाणपणाची बातमी. साहेबांनी बदलीबद्दल विचारलंय. तुमच्या शहरात, कंपनीच्या मुख्य कचेरीत, नव्या मेकॅनिकांना लिफ्टचं काम शिकवायचं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, अंगाला ग्रीस नाही. एकतीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी हो म्हणणार आहे. तू इतकी वर्षं माझ्या मागे लागली आहेस, तर ती मागची खोली रंगवायला घे. इथं मला अडवून धरणारं कोण आहे? पस्तीस इमारतींच्या लिफ्ट आहेत, त्या दुसरं कोणीतरी सांभाळेल.

आता खुळेपणाची. इंटरनेटवर ‘विचारपूस’ नावाची एक जागा आहे. तिथं अनोळखी लोक एकमेकांना काहीही विचारतात. नियम असा, की एका प्रश्नाचं उत्तर दिलं की एक प्रश्न विचारायची मुभा मिळते. नाव, पत्ता, फोटो काही द्यायचं नाही, दिलं तर कायमचं बाहेर काढतात. लोक विचारतात, अंघोळीला जाताना गाणं कोणतं म्हणता, सासूबाईंनी दिलेला शर्ट मला होत नाही हे त्यांना कसं सांगू. मी तिथं ‘दहाचा पाना’ या नावानं आहे. जेवणाच्या सुट्टीत दोन-चार उत्तरं ठोकून देते.

परवा एक प्रश्न आला. “लिफ्टमध्ये अडकलोय. खिशात दुसऱ्याची कवळी आहे आणि तो माणूस जेवायचा थांबलाय. आधी कोणाला फोन करू?” विचारणाऱ्याचं नाव ‘अर्धं बिस्किट’. मी लिहिलं, कवळीवाल्याला. लिफ्टवाले काय, उशिरा का होईना येतातच. मग लिफ्ट कशी थांबली, आवाज कसा आला ते विचारून घेतलं, दोन गोष्टी करायला सांगितल्या आणि लिफ्ट चालू झाली. त्यानं लिहिलं, “तुम्ही देव आहात की मेकॅनिक?” मी लिहिलं, मेकॅनिक, आणि आता ऐका. अशी कुरकुरणारी लिफ्ट मी स्वतः हो म्हणेपर्यंत वापरायची नाही. जिना आहे ना? त्यानं लिहिलं, “आज्ञा.”

वहिनी, मला आजवर कोणी “आज्ञा” म्हटलेलं नाही. मी दिवसभर शिट्टी वाजवत होते.

तुझी,
नणंद


६ मार्च

प्रिय वन्सं,

खोलीला फिकट पोपटी रंग लावायचा ठरवलाय. तुझे दादा म्हणाले पांढरा, म्हणजे पोपटीच. पडदेही आणले. तू येणार या कल्पनेनं मी काल दुकानात एका गृहस्थांच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. ते मला म्हणाले, बाई, जग तिरकं दिसतंय. मी म्हटलं, काका, ते तसंच आहे. मग मात्र बदलून दिली.

पण ते बिस्किट काय प्रकरण आहे? दुसऱ्याची कवळी खिशात घालून फिरणारा माणूस सरळ कसा असेल? असले गोड बोलणारे लोक इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. आधी आज्ञा म्हणतात आणि मग बँकेचा नंबर विचारतात. तू आयुष्यभर लोखंडाशी बोलत आलीस, तुला माणसांतलं गंजलेलं ओळखता यायचं नाही. मी काही त्या विचारपूस-फिचारपूसच्या वाटेला जाणार नाही. चष्म्याच्या काचा घासून माझे हात रिकामे नसतात. पण तू मला सगळं कळवत जा.

तुझी,
वहिनी


११ मार्च

प्रिय वहिनी,

तो कवळ्या बनवतो. धंदाच आहे त्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा घरी बसून मेणात एकेक दात रोवतो. म्हणतो, “दिवसभर माझ्यासमोर पन्नास जण हसत असतात, पण एकही ओळखीचं नाही.” मी हे वाचलं तेव्हा एका इमारतीच्या छपरावर, लिफ्टच्या मोटारीशेजारी डबा खात बसले होते. ठसका लागला.

आम्ही रोज एकेक प्रश्न देतो-घेतो. मी विचारलं, नाव अर्धं का? म्हणाला, उरलेलं अर्धं नेहमी चहात पडतं. त्यानं विचारलं, उंचावर काम करताना काय दिसतं? वहिनी, अठरा वर्षं मी हे काम करतेय, हे मला कोणी विचारलेलं नाही. लोक विचारतात, किती वेळ लागेल. मी त्याला लिहिलं, की वरून सगळ्यांच्या गच्च्या दिसतात आणि माणसं गच्चीवर अगदी वेगळी वागतात. एक जाडजूड वकील आहेत, ते रोज दोरीवरच्या उड्या मारतात. हे लिहिताना मला कळलं की मी किती पाहिलंय आणि कोणाला सांगितलेलं नाही.

बँकेचा नंबर अजून विचारला नाही. विचारला तर देईनही, त्यात आहे काय.

तुझी,
नणंद


१४ मार्च

प्रिय वन्सं,

नंबर द्यायचा नाही.

आणि एक कानावर आलंय ते सांगते. हा तुझा कवळीवाला तुझ्या एकटीशी बोलत नाही. कोणी ‘चाळशी’ नावाची बाई आहे तिथं, तिलाही तो अगदी मन लावून उत्तरं देतो. तिनं विचारलं, एकटेपणा वाटतो का, तर म्हणे वाटायचा, हल्ली दुपारची वाट बघायला लागलोय. आता दुपार कोणाची, तुझी की तिची, ते त्यालाच माहीत. मला हे कसं कळलं ते विचारू नकोस, दुकानात नाना प्रकारची माणसं येतात.

खोलीचा पहिला हात झालाय. रंग डब्यावर दिसत होता त्यापेक्षा जरा जास्तच पोपटी झाला.

तुझी,
वहिनी


१७ मार्च

प्रिय वहिनी,

ही चाळशी कोण टपकली? मी तिची सगळी प्रश्नोत्तरं शोधून वाचली. काय ते प्रश्न! रात्री किती वाजता झोपता, दारू पिता का, भांडी कोण घासतं, आईशी कसे वागता. विचारपूस करतेय की पोलीस चौकशी? लोचट कुठली. मला तिच्या नाकावरची ती चाळशी ओढून काढावीशी वाटली.

शेवटी न राहवून मी त्याला विचारलं, चाळशीबद्दल काय मत आहे? तो म्हणाला, “फार प्रेमळ बाई आहेत. सत्तरीच्या असाव्यात. त्यांना कोणीतरी बोलायला हवंय, म्हणून मी सगळं खरं खरं सांगतो.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हातारीवर उगीच चिडले. आणि ती दुपार माझी आहे, वहिनी. कारण आम्ही दुपारी बोलतो आणि चाळशी संध्याकाळी येते.

तुला स्पष्टच सांगते. एकतीस तारीख जवळ येतेय आणि माझा पाय निघत नाहीये. ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यासाठी बदली नाकारायची म्हणजे साहेब मला डोकं तपासून घ्या म्हणतील. पण तिकडं आल्यावरही हा बोलेल की, असं मनाला समजावते, आणि मन ऐकत नाही. मला तो समोर बघायचाय.

तुझी,
नणंद


२१ मार्च

प्रिय वहिनी,

तो गेला.

काल दुपारी उघडलं, तर त्याच्या नावापुढे लिहिलंय, “हे सदस्य आता विचारपूस करत नाहीत.” त्याची सगळी उत्तरं पुसलेली, माझ्याकडे आलेलीसुद्धा. म्हणजे त्यानं कोणता तरी नियम मोडला आणि त्याला काढलं. माझ्याकडे त्याचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. या शहरातला आहे की दुसऱ्या टोकाचा, तेही कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर काढतील याची भीती. आणि न विचारताही गेलाच.

काल मी एका लिफ्टचं दार बसवताना सरळ आत-बाहेर उलटं बसवलं. इमारतीतल्या बायका हसत होत्या, मला हसूही आलं नाही.

झालं ते बरं झालं म्हणायचं. सोमवारी साहेबांना हो कळवते. पडदे कोणत्या रंगाचे आणलेस?

तुझी,
नणंद


२२ मार्च

प्रिय वन्सं,

सोमवारी काही कळवू नकोस. आधी हे वाच, आणि वाचून झाल्यावर मला जे म्हणायचं ते म्हण.

चाळशी मी आहे.

पहिल्या दिवशी तुझं पत्र वाचलं आणि माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, हा कोण भामटा ते डोळ्यांत तेल घालून बघू. भांडी कोण घासतं हे विचारलं ते तुझ्याच भल्यासाठी. (तोच घासतो, आणि तव्याला वेगळा काथ्या ठेवतो.) आठवडाभर उलटसुलट प्रश्न विचारले आणि एक खोटं सापडलं नाही. मग माझंच चित्त पालटलं. मी मनातल्या मनात तुमचं लग्न लावून, फोटोत कोणी कुठं उभं राहायचं ते ठरवून मोकळी झाले. एकोणीस तारखेला संध्याकाळी मला काय अवदसा आठवली, मी विचारलं, “त्या लिफ्टवाल्या बाईंना तुम्हाला भेटायचं असेल तर तुम्ही कुठं सापडाल?” त्यानं उत्तर लिहिलं असणार, सगळं, पत्त्यासकट. माझ्यापर्यंत पोचलंच नाही. “हे उत्तर नियमात बसत नाही” एवढीच ओळ आली आणि त्याला काढलं. मलाही काढलं, पण माझं काय.

मी तुझं वाटोळं केलं, वन्सं. कालपासून जेवण गेलेलं नाही. तुझे दादा म्हणतात, पित्त झालं असेल.

मला आठवतंय तेवढं सगळं सांगते, काही उपयोग झाला तर बघ. त्याला मांजराची भीती वाटते. वडील बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. अठरा तारखेला मी विचारलं, चष्मा आहे का, तर म्हणाला, मला नाही, पण आमच्या इमारतीत येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं आपल्याला लागला, कारण लिफ्टमध्ये तीनची दोन बटणं आहेत. खालचं दाबलं की तिसरा मजला येतो, वरचं दाबलं की चौथा. मी म्हटलं, हे तुमच्या लिफ्टवाल्या बाईंना सांगितलंत का, त्यांना मजा वाटेल. तर म्हणाला, छे, ज्यानं बसवलं त्या मेकॅनिकची त्या सालटी काढतील, बिचाऱ्याची नोकरी जायची. बघ, किती चांगला माणूस आहे.

आणि सत्तर? माझ्या बोलण्यावरून मी सत्तरीची वाटते?

तुझी,
वहिनी


२३ मार्च

वहिनी,

तो बिचारा मेकॅनिक मी आहे.

दोन वर्षांपूर्वी चारचं बटण शिल्लक नव्हतं, तीनची डबाभर होती. म्हटलं, आठवडाभर चालेल, मग बदलू. विसरले. शहराच्या जुन्या भागात, बेकरीच्या वरची इमारत. माझ्याच पस्तीसातली. मी तुझ्यावर नंतर सावकाश चिडेन, आत्ता वेळ नाही.

नणंद


२७ मार्च

प्रिय वहिनी,

तीन संध्याकाळी मी त्या लिफ्टमधून वरखाली करतेय. इमारतीच्या मॅनेजरला सांगितलं, विशेष तपासणी आहे. कुरकुर तर पहिल्याच दिवशी काढली, तेल हवं होतं. चारचं बटणही बसवलं. मग हातात पाना धरून नुसती उभी. कोणता मजला ते माहीत नाही, घरोघरी जाऊन “तुम्ही कवळ्या बनवता का” असं विचारायचं धाडस नाही, आणि मॅनेजरला विचारलं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत होईल. म्हटलं, राहतो इथं म्हणजे कधीतरी लिफ्टमध्ये येईलच.

कोण कोण आलं सांगू? एक भरतकामाच्या क्लासची बाई, तिनं मला फुलांचे टाके समजावले. दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनी माझ्यामार्फत निरोप दिले. एक माणूस बिस्किटाचा पुडा घेऊन शिरला, तेव्हा माझ्या हातातला पाना पडला. त्याच्या मागोमाग बायको आणि जुळी मुलं आली. पुडा त्यांचा होता. आता सगळी इमारत मला ओळखते, ढोलवाल्याचा मुलगा तेवढा फिरकला नाही.

मला वाटतं तो घर सोडून गेला. किंवा मला बघून ओळखलं आणि टाळतोय. ग्रीसचे डाग असलेली बाई कल्पनेत बरी वाटत असेल. आज घरी येताना रस्त्यात रडले, तुला खोटं का सांगू. मी सामान बांधायला घेते.

तुझी,
नणंद


२८ मार्च

प्रिय वन्सं,

तुझी सगळी पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिसऱ्या तारखेच्या पत्राशी आले आणि कपाळावर हात मारून घेतला.

अगं, तूच त्याला सांगितलंस ना, मी स्वतः हो म्हणेपर्यंत लिफ्ट वापरायची नाही? आणि तो म्हणाला, आज्ञा. तू हो कधी म्हणालीस? मग तो लिफ्टमध्ये येईल कसा? तू आत उभी राहून त्याची वाट बघतेस आणि तो भिंतीपलीकडून जिना चढतोय.

खरं सांगते, हे पत्र एकतीस तारखेनंतर पाठवावं असं माझ्या मनात येऊन गेलं. पोपटी खोली तयार आहे. संध्याकाळी दुकानातून आल्यावर तू घरात असशील, आपण दोघी तुझ्या दादांची टिंगल करू, असं चित्र मी महिनाभर रंगवतेय. कोणाला कळलं नसतं. पण तू त्या शिट्टीबद्दल लिहिलं होतंस, आणि इतक्या वर्षांत तुला शिट्टी वाजवताना मी ऐकलेलं नाही.

जिन्यात जाऊन बस.

तुझी,
वहिनी


३१ मार्च

प्रिय वहिनी,

बसले. परवा कोणी आलं नाही, काल एक आजोबा आले, त्यांना डॉक्टरांनी चढायला सांगितलंय. आज तिसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर बसले होते. खालून पावलं आली, सावकाश, ओळखीच्या वाटेनं चालावं तशी. दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या घेतलेला, टक्कल पडायला लागलेला, लांब चेहऱ्याचा माणूस. धाप अजिबात लागलेली नव्हती.

मी उठून गणवेश झटकला. मग कामाच्या सुरात म्हटलं, “लिफ्ट चालू आहे हो.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मला अजून परवानगी नाही.”

“कोणाची?”

“आहेत एक मेकॅनिक. हल्ली बोलणं होत नाही आमचं, पण त्यांनी हो म्हटलेलं नाही.”

मी म्हटलं, “आता म्हटलं.”

त्याला दोन क्षण लागले. मग त्याच्या हातातली एक पिशवी सुटली आणि बटाटे जिन्यावरून उड्या मारत पार तळमजल्यापर्यंत गेले. तो हलला नाही. माझ्या गणवेशाकडे, हातातल्या पान्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला, आणि मग मीही. त्याच्यासमोर पन्नास जण हसत असतात ना, वहिनी, त्यांतलं एक आता ओळखीचं आहे.

बटाटे गोळा करायलाच तासभर गेला, कारण प्रत्येक पायरीवर एक प्रश्न निघत होता. तळमजल्यावर पोचलो तेव्हा साहेबांचा फोन आला, हो की नाही ते आत्ता सांगा. माझ्या ओंजळीत बटाटे होते, म्हणून त्यानं फोन माझ्या कानाशी धरला. मी म्हटलं, नाही, साहेब. ते म्हणाले, अशी संधी पुन्हा येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, तुम्ही काय नाकारलंत? मी सांगितलं. त्यानं माझ्या ओंजळीतले बटाटे पिशवीत टाकले. मग म्हणाला, तुमच्या वहिनींना वाईट वाटेल. मी आतापर्यंत हसत होते, तिथं मात्र डोळ्यांत पाणी आलं. तुझं पत्र माझ्या खिशातच होतं. चाळशीबद्दलही सांगितलं. तो म्हणतो, त्यांचं एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे, ते मी समोरासमोर देईन.

तुझी,
नणंद


३ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र दुकानात वाचलं आणि रडू आलं. आनंदाचं नव्हतं, आधीच सांगून ठेवते. तू येणार नाहीस म्हणून आलं. काच घासायचं यंत्र बंद करून पाच मिनिटं मी बाकावर बसून राहिले. आनंदाचं त्यानंतर आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. समोरच्या बाई म्हणाल्या, नंबर तपासून घ्या.

घरी येऊन तुझ्या दादांना सगळं सांगितलं. त्यांनी मला तीन वेळा “काय म्हणाली?” विचारलं. चौथ्यांदा काही न विचारता उठले आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. बिस्किटाला सांग, दुपारी कुठं जायचं नाही. तुझे दादा कामधंद्याचं विचारतील, त्याची उत्तरं त्यानं तोंडपाठ करून ठेवावीत. माझे प्रश्न मी ऐनवेळी सांगेन, बरेच आहेत, आणि पहिला माझ्या वयाबद्दल आहे.

तुझी,
वहिनी